सरकारी कर्जाची फाइल शेवटच्या पानापासून वाचा

घरं, शाळा आणि जमिनीचा विकास यांसाठी सार्वजनिक संस्थांना जे सरकारी कर्ज मिळतं, त्याचे प्रस्ताव मी २२ वर्षं तपासले. त्याआधी ६ वर्षं मी टेबलाच्या पलीकडे होते. कर्ज मागणाऱ्या संस्थेच्या लेखा विभागात बसून असेच प्रस्ताव तयार करायचे. निवृत्त झाल्यावरही फोन येतात, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: ‘ताई, कर्ज मंजूर झालंय, आता पुढे काय?’ हा प्रश्न मंजुरीच्या आधी आला असता तर किती बरं झालं असतं, असं दर वेळी वाटतं. म्हणून हे लिहिते आहे. पहिल्यांदा निवडून आलेले सदस्य, पहिलाच प्रस्ताव हातात घेतलेले अभियंते आणि लेखापाल, आणि आपल्या वस्तीत योजना यावी म्हणून धडपडणारे रहिवासी यांच्यासाठी.

माझ्या पहिल्या साहेबांची एक सवय होती. कितीही जाड फाइल आली तरी ते ती उलटी करायचे आणि मागून वाचायला घ्यायचे. नकाशे, रंगीत चित्रं, उद्दिष्टं, लाभार्थ्यांची संख्या हे सगळं पुढे असतं. परतफेडीचं कोष्टक असतं मागे, परिशिष्टात, बारीक अक्षरात. तुम्हीही तसंच करा. एक कोरा कागद घ्या आणि त्या कोष्टकातून सहा गोष्टी स्वतःच्या हाताने उतरवून काढा: मुद्दल किती, व्याजदर किती आणि तो स्थिर आहे की बदलता, मुदत किती वर्षांची, परतफेड सुरू होण्याआधीचा सवलतीचा काळ किती, त्या काळातलं व्याज भरायचं आहे की मुद्दलात मिसळणार आहे, आणि हप्ता नेमका कोणत्या पैशातून जाणार आहे. पहिल्या पाच गोष्टी सहसा मिळतात. सहाव्या जागी ‘संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नातून’ असं एक मोघम वाक्य सापडतं. ते वाक्य सापडलं की थांबा. खरी तपासणी तिथून सुरू होते.

आता हप्त्याचा हिशोब. हा ज्याला करता येतो त्याला कोणी फसवू शकत नाही, म्हणून जरा सावकाश सांगते. १०० कोटींचं कर्ज धरा, चलन कुठलंही असो. दर ६ टक्के, वर्षाअखेरीस एक हप्ता, दर वर्षी तेवढाच. २० वर्षांत फेडायचं असेल तर हप्ता ८.७२ कोटी येतो, ३० वर्षांत ७.२६ कोटी, ४० वर्षांत ६.६५ कोटी. वीसवरून तीस वर्षांवर गेलं की हप्ता जवळजवळ दीड कोटीने उतरतो. तीसवरून चाळीसवर गेलं तर उतरतो फक्त ६१ लाखांनी. एकूण परतफेड मात्र १७४ कोटींवरून २१८ वर आणि तिथून २६६ कोटींवर जाते. म्हणून ‘मुदत वाढवून घेतली, आता परवडेल’ असं कोणी म्हणालं की मी विचारते, किती वर्षांवरून किती वर्षांवर? मुदत वाढवण्याचा खरा फायदा पहिल्या २५-३० वर्षांतच मिळून जातो. त्यापुढे हप्ता हलवण्याची ताकद व्याजदरात असते: तेच ४० वर्षांचं कर्ज ६ ऐवजी ३ टक्क्यांनी मिळालं तर हप्ता ४.३३ कोटींवर येतो.

दुसरी पद्धत म्हणजे दर वर्षी सारखं मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर व्याज. १०० कोटींवर ३० वर्षांसाठी पहिला हप्ता ९.३३ कोटी पडतो आणि मग दर वर्षी उतरत जातो. एकूण फेड १९३ कोटी. स्वस्त आहे, पण पहिली वर्षं जड जातात, आणि पहिल्याच वर्षांत तर योजनेकडे पैसा नसतो. तिसरी पद्धत सर्वांत धोक्याची: मुदतभर फक्त व्याज आणि मुद्दल शेवटी एकदम. ही पद्धत वाईटच आहे असं नाही, पण तिच्यासोबत एक शिस्त लागते. मुद्दलासाठी दर वर्षी काही रक्कम वेगळी काढून ठेवावी लागते. इंग्लंडमधल्या वोकिंग या स्थानिक संस्थेने शहराच्या मध्यभागाच्या विकासासाठी स्वतःच्या कंपन्यांमार्फत प्रचंड कर्ज उभं केलं, त्यातलं बरंचसं सरकारी खिडकीतूनच. जून २०२३ मध्ये तिला आपला खर्च उत्पन्नात बसत नसल्याची कायदेशीर नोटीस काढावी लागली. तेव्हा हे उघड झालं की मुद्दलासाठी दर वर्षी जी रक्कम बाजूला काढायला हवी होती, ती पुरेशी काढलीच गेली नव्हती.

वोकिंगच्या उदाहरणातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये सार्वजनिक कामांना सरकारी कर्ज देण्याची परंपरा १८१७ पासूनची आहे. पण २००४ पासून तिथे किती कर्ज परवडेल हे स्थानिक संस्थेनेच ठरवायचं, अशी व्यवस्था आली. कर्जाला तारण म्हणून संस्थेचं सगळं उत्पन्न असतं, त्यामुळे कर्ज देणाऱ्याला एकेका योजनेत डोकवायची गरज उरत नाही. केवळ भाड्याच्या कमाईसाठी मालमत्ता विकत घ्यायला हा पैसा वापरू नये, ही स्पष्ट अट यायला २०२० उजाडलं. तेव्हा ‘सरकारने कर्ज दिलं म्हणजे सरकारने योजना तपासली असणारच’ हा समज मनातून काढून टाका. कर्ज देणाऱ्याने आपला पैसा परत येईल का एवढंच पाहिलेलं असू शकतं. तो पैसा तुमच्या कोणत्या सेवेचं पोट कापून परत येईल, हे तुम्हालाच पाहावं लागतं.

एका फाइलीत तीन स्वभाव

घर, शाळा आणि जमीन ही तिन्ही कामं एकाच कर्जात बांधायचा मोह होतो. एक प्रस्ताव, एक मंजुरी, एक करार, सोयीचं वाटतं. मी असे प्रस्ताव नेहमी तीन वेगळे करायला सांगून परत पाठवायचे, कारण या तिघांची पैसे परत देण्याची रीत अगदी वेगळी आहे. घर हळूहळू देतं, महिन्याला थोडं, पन्नास वर्षं. शाळा स्वतः काहीच देत नाही. जमीन आधी कित्येक वर्षं काही देत नाही आणि मग दोन-तीन वर्षांत सगळं एकदम देते, किंवा देतच नाही. तिघांना एकच मुदत आणि एकच सवलतीचा काळ लावला तर एकाचा तोटा दुसऱ्याच्या पोटात लपतो आणि दहा वर्षांनी कुठे काय बिघडलं हे कोणालाच सांगता येत नाही.

घरांपासून सुरुवात करू. वरचेच १०० कोटी घ्या आणि त्यात भाड्याची १,००० घरं बांधायची असं धरा. ३० वर्षं, ६ टक्के, हप्ता ७.२६ कोटी. देखभालीसाठी बांधकाम खर्चाच्या १ टक्का, म्हणजे १ कोटी. वसुली, कर्मचारी, विमा यांना ५० लाख. झाले ८.७६ कोटी. आता काही घरं रिकामी राहणार, काहींचं भाडं थकणार. त्यासाठी ५ टक्के सोडा. म्हणजे भाड्याची मागणी ९.२२ कोटी हवी, घरटी महिना साधारण ७,७००. ज्या कुटुंबांसाठी घरं बांधतोय त्यांना ४,०००च परवडतात, असं समजा. मग ते ५ टक्के सोडून वर्षाला हातात येतात ४.५६ कोटी आणि तूट राहते ४.२० कोटी. दर वर्षी. तीस वर्षं.

इथे प्रस्ताव तयार करणारे काय करतात ते मी जवळून पाहिलं आहे, कारण तरुणपणी मीही ते केलं आहे. भाडं वाढवता येत नाही, हप्ता कमी होत नाही, मग देखभालीचा आकडा खाली आणला जातो. १ टक्क्याचा अर्धा टक्का, अर्ध्याचा पाव. कागदावर तूट आटते. मी केलेल्या एका प्रस्तावात आम्ही रिकाम्या घरांचं प्रमाणही ५ वरून १ टक्क्यावर आणलं होतं. इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले, आणि नवव्या वर्षी लिफ्ट बंद पडल्या तेव्हा दुरुस्तीच्या खात्यात काही नव्हतं. वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांनी ते सात महिने कसे काढले, हे मी जाऊन पाहिलं. त्यानंतर देखभालीच्या आकड्याला मी कोणालाही हात लावू दिला नाही.

खरा मार्ग उलटा हिशोब करण्याचा आहे. ४.५६ कोटींतून देखभाल आणि व्यवस्थेचे दीड कोटी आधी काढा. उरले ३.०६ कोटी. एवढ्या हप्त्यात ६ टक्क्यांनी ३० वर्षांचं कर्ज बसतं ते सुमारे ४२ कोटींचं. म्हणजे या योजनेला ४२ कोटी कर्ज आणि ५८ कोटी अनुदान लागेल. हे वाक्य प्रस्तावाच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरात लिहा. अनुदान मिळणार नसेल तर घरं कमी बांधायची, व्याजदर उतरवून घ्यायचा, की करातून भरायचं, याची चर्चा मग उघडपणे होते. सिंगापूरची गृहनिर्माण संस्था १९६० पासून सरकारी कर्जावर घरं बांधते आहे, पण तिची तूट दर वर्षी सरकारी अनुदानाने भरली जाते आणि ती तिच्या वार्षिक लेख्यांत स्पष्ट दिसते. व्हिएन्ना शहराने तर १९२३ मध्ये घरांसाठी वेगळा कर बसवला, ज्याचा भार मोठ्या घरांवर जास्त होता. त्या पैशातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक घरं बांधली आणि भाडं देखभालीपुरतंच ठेवलं. हप्ताच नाही, म्हणून भाड्यावर त्याचं ओझं नाही. हा मार्ग सगळ्यांना जमेल असं नाही, पण कर्ज हा एकच मार्ग आहे असं कोणी सांगू लागलं तर हे उदाहरण जवळ असू द्या.

घरांच्या फाइलीत आणखी एक प्रश्न विचारायचा: ज्यांच्यासाठी बांधतोय ते तिथे राहायला जातील का? मुंबईत १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं. कर्ज उभारून कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या होत्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, म्हणजे ६२५ चाळी. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. आज त्याच चाळींतल्या एकेका खोलीला केवढी किंमत आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बांधून झाल्या तेव्हा वरळीच्या कित्येक खोल्यांना भाडेकरूच मिळेनात, कारण भाडं आणि कामाच्या जागेपासूनचं अंतर कामगाराच्या हिशोबात बसत नव्हतं. शंभर वर्षांनी जमिनीची किंमत वाढेल, याने तिसऱ्या वर्षीचा हप्ता भरला जात नाही.

शाळेचं कर्ज कोण फेडतं

शाळेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिचा हिशोब सरळ आहे. फक्त तो मान्य करायला धैर्य लागतं. सार्वजनिक शाळेचं कर्ज करदाते फेडतात. भाडं नाही, विक्री नाही. म्हणून शाळेच्या फाइलीत ‘उत्पन्न’ या रकान्यात सभागृह भाड्याने देणं, मैदानाचं शुल्क, उपाहारगृह असले आकडे दिसले की ते खोडून शून्य लिहा आणि हप्ता तरीही जातो का ते पाहा. त्या शून्यावर टिकणारी फाइल खरी.

इमारतीच्या हप्त्यापेक्षा शिक्षकांचे पगार, वीज, सफाई, प्रयोगशाळेचं सामान यांचा वर्षाचा खर्च पुष्कळ मोठा असतो. कर्ज भांडवली कामासाठी मिळतं, या चालू खर्चासाठी मिळत नाही. मी तपासलेल्या एका प्रस्तावात १४ वर्गखोल्यांची सुंदर इमारत होती आणि शिक्षकपदांच्या मंजुरीचं पत्र नव्हतं. मी शेरा लिहिला, पण तो जोर लावून लिहिला नाही. इमारत वेळेत झाली. पहिली दोन वर्षं पाच खोल्यांना कुलूप होतं, आणि हप्ता चौदा खोल्यांचा जात होता. तेव्हापासून मी पदमंजुरीचं पत्र फाइलीला जोडल्याशिवाय शाळेचा प्रस्ताव पुढे सरकू दिला नाही. तुम्ही रहिवासी असाल तर एवढं एकच पत्र मागा.

मुदतीचा एक नियम पाळा. पहिली मोठी दुरुस्ती येण्याच्या सुमारास कर्जाचा बराचसा भार उतरलेला असावा. छप्पर, नळ, वीजवाहिन्या २०-२५ वर्षांनी हात मागतात. तोपर्यंत जुनंच कर्ज भरात असेल तर दुरुस्तीसाठी नवं कर्ज काढावं लागतं आणि मुलं दोन कर्जांच्या छपराखाली शिकतात. आणि परतफेड पुढे ढकलण्याच्या योजनांपासून फार जपा. कॅलिफोर्नियातल्या पोवे शाळा जिल्ह्याने २०११ मध्ये रोख्यांतून १०.५ कोटी डॉलर उभे केले. सरकारी कर्ज नव्हे, बाजारातलं, पण धडा तोच. पहिली सुमारे २० वर्षं काहीच भरायचं नव्हतं, व्याज साचत जायचं होतं. शेवटी फेडायची रक्कम ९८ कोटी डॉलरच्या आसपास ठरली. ज्यांनी मतदानात या रोख्यांना मान्यता दिली त्यांना कर वाढवावा लागला नाही. ज्यांना फेडायचं आहे त्यांतले बरेच जण तेव्हा बालवाडीतही नव्हते. २०१३ मध्ये तिथल्या राज्याने कायदा करून अशा रोख्यांची मुदत २५ वर्षांवर आणि एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीवर मर्यादित केली.

जमीन: व्याज झोपत नाही

आता जमीन. माझी सर्वांत जास्त झोप याच फाइलींनी उडवली.

मोकळी जमीन घ्यायची, रस्ते, पाणी, गटारं, वीज आणायची, भूखंड पाडायचे, विकायचे आणि त्यातून कर्ज फेडायचं, अशी ही कल्पना. कल्पना चांगली आहे. जमिनीची किंमत सार्वजनिक खर्चाने वाढते, तर ती वाढ सार्वजनिक तिजोरीत यावी, यात न्याय आहे. पण या योजनेत पैसा आधी जातो आणि फार नंतर येतो, आणि मधल्या प्रत्येक दिवसाचं व्याज चालू असतं. ५० कोटी ८ टक्क्यांनी घेतले, सगळे पहिल्याच दिवशी उचलले आणि ५ वर्षं काहीच भरलं नाही, तर पाचव्या वर्षाअखेर देणं ७३.५ कोटी होतं. काम तीन वर्षं लांबलं तर ९२.५ कोटी. एक वीटही जास्त लागलेली नसते, तरी जवळजवळ दुप्पट. सवलतीचा काळ म्हणजे व्याजाची माफी असं अजूनही पुष्कळ सदस्यांना वाटतं. फाइलीत ‘सवलतीच्या काळातील व्याज मुद्दलात समाविष्ट’ असे शब्द असतील तर त्या शब्दांखाली रेघ मारा आणि वरचा हिशोब त्यांना करून दाखवा.

यावर पहिला उपाय सोपा आहे: रक्कम एकदम उचलू नका. तेच ५० कोटी दर वर्षाच्या सुरुवातीला १० कोटी याप्रमाणे उचलले तर पाच वर्षांनी देणं ६३.४ कोटी होतं. फक्त उचलण्याचं वेळापत्रक बदलून दहा कोटी वाचले. न उचललेल्या रकमेवर काही ठिकाणी बांधिलकी शुल्क लागतं. ते किती आहे ते पाहा, पण बहुतेक वेळा ते व्याजाच्या मानाने किरकोळ असतं.

दुसरं, विकायला नेमकी जमीन किती उरते ते मोजा. प्रस्तावात १०० हेक्टर लिहिलेले असतात. त्यातून रस्ते, मोकळ्या जागा, शाळा-दवाखान्यांचे भूखंड, पाण्याची टाकी, नाल्याची पट्टी आणि मूळ मालकांना परत द्यायचा हिस्सा वजा करा. ५५ उरले तरी नशीब समजा. किमतीच्या कोष्टकात १०० हेक्टरांच्या खर्चाला १०० हेक्टरांच्या विक्रीने भागलेलं मी एकदा प्रत्यक्ष पाहिलं आहे, आणि त्यावर तीन सह्या होत्या.

तिसरं, दुसऱ्या खात्याकडून येणाऱ्या गोष्टींची यादी करा. ६० हेक्टरांच्या एका योजनेत आमच्याकडून सगळं वेळेवर झालं. रस्ते झाले, दिवे लागले, भूखंडांना क्रमांक पडले. मुख्य जलवाहिनी मात्र दुसऱ्या यंत्रणेने आणायची होती आणि ती तीन वर्षं उशिरा आली. पाणी नसलेला भूखंड कोण घेणार? त्या तीन वर्षांत मी दर तिमाहीला व्याजाची नोंद करायचे आणि दर वेळी तो आकडा लिहिताना हात जड व्हायचा. जलवाहिनीच्या कामाचा आदेश निघाल्याशिवाय पहिली रक्कम उचलायची नाही, एवढी एक अट करारात असती तर ते सगळं टळलं असतं. तुमच्या करारात ती घाला.

बाजाराबद्दलही एक सांगायला हवं. मुंबईच्या त्याच डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बॅकबेचा समुद्र भरून जमीन करण्याचं काम हाती घेतलं होतं. आठ विभाग भरायचे होते. भिंतीतून गाळ निसटत राहिला, खर्चाचे अंदाज वाढत गेले, आणि पहिल्या महायुद्धानंतर जमिनीला आलेली तेजी तोवर ओसरली. मुंबईतले वकील आणि काँग्रेसचे नेते खुर्शेद नरिमन यांनी त्या कारभारावर तोफ डागली, १९२६ मध्ये चौकशी समिती बसली, आणि शेवटी आठपैकी चारच विभाग पुरे झाले. म्हणून जमिनीच्या फाइलीत मी तीन किमतींवर हिशोब मागायचे: आजच्या किमतीला, आजच्यापेक्षा २० टक्के कमी किमतीला, आणि आजच्याच किमतीला पण विक्री तीन वर्षं उशिरा. तिसरा हिशोब मागितला की समोरच्याचा चेहरा बदलायचा. भाव पडण्यापेक्षा उशीर जास्त मारतो.

आणि भूखंड विकले गेले की पैसा कुठे जातो ते पाहा. विक्रीचं उत्पन्न सर्वसाधारण खात्यात गेलं तर ते पहिल्याच अडचणीत पगाराला किंवा सणासुदीच्या रोषणाईला खर्च होतं आणि कर्ज तसंच राहतं. कर्जफेडीचं वेगळं खातं, त्यातच विक्रीची रक्कम, आणि मुदतीआधी फेड करायला दंड नाही, या तिन्ही गोष्टी करारात लेखी असाव्यात.

कर्ज देणाऱ्याकडे पैसा कुठून येतो

हे विचारायचं आपल्याला सुचत नाही, पण तुमचा दर आणि मुदत इथेच ठरते. सरकार स्वतः बाजारातून उचलून पुढे देत असेल तर तुमचा दर सरकारी रोख्यांच्या दरावर थोडा वाढवून लागतो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये हीच वाढ एका टक्क्याने चढवली आणि वर्षभरानंतर उतरवली. त्या मधल्या काळात ज्यांनी उचल केली, त्यांना एका टक्क्याचा फरक पुढे कित्येक वर्षं भरायचा आहे. जपानमध्ये अनेक दशकं टपाल खात्यात लोकांनी ठेवलेली बचत अर्थ मंत्रालयाकडे जायची आणि तिथून गृहनिर्माण संस्थांना आणि इतर सार्वजनिक संस्थांना कर्ज मिळायचं. ती सक्तीची वाट २००१ च्या सुधारणेने बंद झाली. फ्रान्समध्ये आजही सामान्य माणसाच्या करमुक्त बचत खात्यातला पैसा सार्वजनिक वित्तसंस्थेमार्फत सामाजिक घरांना, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या भाड्याच्या घरांना जातो. मुदत ४० वर्षं, जमिनीपुरती ८० वर्षांपर्यंत. एवढी लांब मुदत फार थोड्या ठिकाणी मिळते. पण दर त्या बचत खात्याच्या व्याजाशी बांधलेला असतो, आणि ते व्याज २०२० मधल्या ०.५ टक्क्यावरून फेब्रुवारी २०२३ मध्ये ३ टक्क्यांवर गेलं. भाडं तेवढ्या वेगाने वाढवता येत नाही. म्हणून दर बदलता असेल तर हिशोब आजच्या दराने करा, आणि शेजारच्या रकान्यात दोन टक्के जास्त धरून पुन्हा करा. दुसरा रकाना लाल झाला तर मुद्दल कमी करा.

हमीबद्दलही सावध राहा. वरच्या सरकारने थकहमी, म्हणजे कर्ज थकलं तर आपण फेडू अशी हमी, दिली की कर्ज देणारा निर्धास्त होतो आणि घेणाराही. ब्रिटनच्या १९१९ च्या गृहनिर्माण कायद्यात स्थानिक संस्थेचा तोट्यातला वाटा मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या दर पौंडामागे एका पेनीच्या स्थानिक करापुरता ठरवला होता आणि त्यावरचा सगळा तोटा राष्ट्रीय तिजोरीवर होता. हेतू उदात्त होता, सैनिकांना घरं द्यायची होती. पण बांधकामाचे भाव भडकले तेव्हा ते आवरण्याची घाई कोणालाच नव्हती, आणि १९२१ मध्ये सरकारने हात आखडता घेतला. पाच लाख घरांचं वचन दोन लाखांच्या आसपास थांबलं. हमी घ्याच, पण तोट्यातला काही भाग आपल्या अंगावर राहील अशी घ्या, आणि दिलेल्या-घेतलेल्या सगळ्या हम्या एका नोंदवहीत उतरवून अर्थसंकल्पासोबत सभेपुढे ठेवा.

सही करण्याआधीच्या कागदांची यादी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, त्यात मी शिरत नाही. जमिनीची मालकी निर्वेध असणं, परवानग्या हातात असणं आणि निविदा अंदाजपत्रकाच्या आत येणं, या तीन गोष्टींआधी पहिली उचल करू नका, एवढं पुरे. प्रत्येक उचलीनंतर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावं लागतं. ते जागेवर जाऊन, काम पाहून द्या. पुढची उचल त्यावर अडते आणि उचल अडली की कंत्राटदार थांबतो.

काम झाल्यावर हप्त्यांच्या तारखांचं एक पान आणि वसुलीच्या अपेक्षित तारखांचं एक पान शेजारी शेजारी ठेवा. भाडं महिन्याला येतं, कर वर्षातून एकदा-दोनदा येतो, हप्ता बहुधा तिमाही किंवा सहामाही असतो. वर्षाची बेरीज जुळूनही एखाद्या महिन्यात खातं रिकामं असू शकतं. तो महिना आधी शोधून ठेवा.

आणि कधी हप्ता जमणार नाही असं दिसलंच, तर तारीख उलटायच्या आधी, निदान तीन महिने आधी, पत्र लिहा. पत्रात तीन गोष्टी असाव्यात: किती कमी पडतंय, कशामुळे, आणि कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या उत्पन्नातून भरून निघेल. सोबत देखभालीच्या खात्याची शिल्लक जोडा, म्हणजे ते खातं तुम्ही ओरबाडलेलं नाही हे दिसेल. माझ्या टेबलावर अशी पत्रं यायची तेव्हा मी मुदतवाढीचा प्रस्ताव त्याच आठवड्यात वर पाठवायचे. हप्ता चुकल्यानंतर आलेलं पत्र मात्र आधी वसुली शाखेकडे जायचं, आणि तिथून माझ्याकडे येईपर्यंत दंडव्याजाची पहिली नोंद झालेली असायची.